१५ जण, ११ जागा: हौशी फुटबॉल टीममध्ये कोणाला कुठे आणि किती वेळ खेळवायचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वाकड-हिंजवडीकडची ऑफिसची टीम. यादीत १८ जण, पण रविवारी सकाळी मैदानावर येतात १३ ते १५. मॅच ११-११ जणांची, ३०-३० मिनिटांची, आणि बाहेर गेलेला खेळाडू परत आत येऊ शकतो. तुम्ही कॅप्टन आहात, स्वतः सेंटर मिडफिल्डला खेळता आणि खेळता खेळता सबही (कोणाच्या जागी कोण आत येणार, ते बदल) तुम्हीच ठरवता. पहिल्या हाफला टीम बरी खेळते, दुसऱ्या हाफला हमखास गोल खाते. बेंचवरचे रुसतात. ‘मला फक्त शेवटची दहा मिनिटं बोलावता’ असं म्हणून एक जण टीमच सोडून गेला. तुम्ही विचारलंय की पोझिशन कशा ठरवायच्या आणि सब कधी करायचे.

मी बरीच वर्षं पुण्यात हौशी टीम चालवतोय, आधी खेळत आणि आता बेंचवरून. माझ्या मते तुमचे हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. तुम्ही आधी ‘बेस्ट इलेव्हन’ काढता, ते सगळे दमेपर्यंत खेळवता, आणि मग उरलेल्यांना कुठेतरी बसवायला बघता. म्हणजे पोझिशन ठरतात ११ जणांच्या आणि सब ठरतात उरलेल्या चौघांचे. त्याऐवजी आलेल्या सगळ्या १५ जणांचे मिळून ६० मिनिटांचे नियोजन मॅचच्या आधी कागदावर झालं पाहिजे. तुमची दुसऱ्या हाफची पडझड आणि बेंचवरची नाराजी, दोन्हींचं मूळ तिथेच आहे.

आता हे कशावर अवलंबून आहे तेही सांगतो. पहिलं म्हणजे स्पर्धेचा नियम. खेळाच्या नियमांत हौशी, ज्युनियर आणि व्हेटरन पातळीवर परत येणारे सब चालतात, पण ते स्पर्धा घेणाऱ्यांनी मान्य केलेले असावे लागतात. तुमच्याकडे ते आहेत, म्हणून मी खाली त्याच हिशोबाने लिहितोय. उद्या दुसऱ्या स्पर्धेत उतरलात आणि तिथे बाहेर गेलेला परत येऊ शकत नसेल, तर सगळं गणित बदलतं. त्याबद्दल पुढे लिहितो. दुसरं, तुमची टीम कशासाठी खेळते. जिंकण्यासाठी की सगळ्यांना खेळायला मिळावं म्हणून? दोन्ही रास्त आहे. पण मैदानाचं भाडं सगळे सारखं भरत असतील आणि खेळायला मात्र काहींनाच मिळत असेल, तर ते आधी सगळ्यांसमोर बोलून घेतलेलं असावं. तुमचं वर्णन वाचून मी असं धरतोय की तुम्हाला सगळ्यांना बऱ्यापैकी वेळ द्यायचाय आणि तरी सामना सोडायचा नाहीये.

पोझिशनपासून सुरू करतो. हौशी टीममध्ये प्रत्येकाला विचारलं की ‘तू कुठे खेळतोस?’ तर निम्मे जण स्ट्रायकर म्हणतात आणि उरलेले ‘कुठेही’. या दोन्ही उत्तरांचा उपयोग नसतो. मी प्रत्येकाच्या नावापुढे दोन जागा लिहितो. एक त्याची स्वतःची, दुसरी शेजारची. राइट बॅकची (उजवीकडच्या बचावपटूची) शेजारची जागा म्हणजे त्याच्या पुढची राइट विंग. स्टॉपरची, म्हणजे मधल्या बचावपटूची, शेजारची जागा म्हणजे त्याच्या पुढचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर. पुढे चढणाऱ्या मिडफिल्डरची शेजारची जागा म्हणजे फॉरवर्ड. शेजारचीच का, तर तिथला खेळ त्याने रोज बघितलेला असतो. राइट बॅकला माहीत असतं की आपला विंगर परत आला नाही की काय होतं, त्यामुळे तो स्वतः विंगला गेला की परत येतो. त्यालाच तुम्ही एकदम लेफ्ट स्ट्रायकर केलंत तर पहिली दहा मिनिटं तो कुठे उभं राहायचं याचाच अंदाज घेत राहील.

स्वतःची जागा कोणती हे ओळखायला मी पायातलं कसब सगळ्यात शेवटी बघतो. आधी बघतो की बॉल गेल्यावर हा काय करतो. काही जण लगेच वळून मागे धावतात, काही जण हात पसरून उभे राहतात. पहिला माणूस बाजूला, म्हणजे विंगला किंवा साइड बॅकला हवा. दुसरा पुढे चालेल, कारण तिथे त्याच्या उभं राहण्याचं नुकसान कमी. मग बघतो की बोलतो कोण. गोलकीपर, एक स्टॉपर आणि एक सेंटर मिडफिल्डर, या तिघांपैकी किमान दोघं तरी मोठ्याने बोलणारे असले पाहिजेत. ‘मॅन ऑन’ (तुझ्यावर माणूस येतोय), ‘मागे कोणी नाही, वळ’, ‘लाइन वर घ्या’ एवढं वेळेवर बोललं गेलं तरी टीमची निम्मी धावपळ वाचते. कसबी पण गप्प राहणारा मुलगा विंगला उत्तम खेळेल, स्टॉपरला त्याचा उपयोग अर्धाच होतो.

साइड बॅकबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण जवळपास प्रत्येक हौशी टीम इथे एकच गोष्ट करते: सगळ्यात कच्चा खेळाडू राइट बॅकला टाकते. समोरची टीमही हौशीच असते, पण तिचा सगळ्यात वेगवान पोरगा बहुतेक वेळा विंगलाच असतो. म्हणजे तुम्ही स्वतःहून त्यांचा ताकदीचा माणूस आणि तुमचा कच्चा माणूस समोरासमोर उभे करता. कच्चा खेळाडू लपवायचाच असेल तर दोन फॉरवर्डपैकी एक करा. त्याला सांगा की बॉल त्यांच्या स्टॉपरकडे गेला की फक्त त्याच्यावर धावून जायचं. चुकला तरी मागे नऊ जण आणि गोलकीपर आहेत.

डाव्या पायाचा खेळाडू सहसा एखादाच असतो. तो तुमच्याकडे असेल तर लेफ्ट बॅकला ठेवा, लेफ्ट विंगला नव्हे. उजव्या पायाचा माणूस लेफ्ट विंगला चालतो, उलट आत वळून शॉट मारायला त्याला सोपं पडतं. पण उजव्या पायाचा लेफ्ट बॅक घाईत बॉल बाहेर काढायला आत वळतो, आणि तो बॉल आपल्याच गोलसमोरून जातो. तिथे कोणी मध्ये पाय घातला की संपलं.

फॉर्मेशन म्हणाल तर तुमच्यासाठी मी ४-४-२ सुचवेन, म्हणजे गोलकीपरच्या पुढे ४ बॅक, ४ मिडफिल्डर आणि २ फॉरवर्ड. ४-३-३ बघायला छान वाटतं, पण त्यात तीन मिडफिल्डरनी सगळी रुंदी झाकायची असते आणि आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या पायांना ते ६० मिनिटं जमत नाही. ४-४-२ मध्ये सगळं जोडीत असतं: दोन स्टॉपर, दोन सेंटर (मधले मिडफिल्डर), दोन फॉरवर्ड, आणि प्रत्येक बाजूला एक बॅक, एक विंगर. जोडी असली की सबचं गणितही सोपं होतं. तेच आता सांगतो.

समजा १५ जण आले. गोलकीपर आणि दोन स्टॉपर पूर्ण मॅच खेळतील असं धरा. उरले १२ जण आणि ८ जागा. या १२ जणांचे तिघातिघांचे चार गट करा: उजवी बाजू, डावी बाजू, सेंटर, आणि फॉरवर्ड. प्रत्येक गटात तीन माणसं आणि दोन जागा. मॅचचे १५-१५ मिनिटांचे चार तुकडे पाडा. उजव्या बाजूचं उदाहरण घेतो. तिथे २, ७ आणि १२ नंबरचे खेळाडू आहेत. सुरुवातीला २ नंबर बॅकला, ७ नंबर विंगला. १५व्या मिनिटाला ७ नंबर बाहेर, १२ नंबर विंगला आत. हाफ टाइमला २ नंबर बाहेर, ७ नंबर परत विंगला, आणि १२ नंबर एक जागा मागे, बॅकला. ४५व्या मिनिटाला १२ नंबर बाहेर आणि २ नंबर परत बॅकला. हिशोब करा: २ आणि ७ नंबर ४५-४५ मिनिटं खेळले, १२ नंबर सलग ३० मिनिटं खेळला. प्रत्येकाला किमान १५ मिनिटांची विश्रांती मिळाली, आणि जागा बदलावी लागली ती फक्त १२ नंबरला, तीही शेजारची. पुढच्या रविवारी ३० मिनिटांची पाळी त्या गटातल्या दुसऱ्याची.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. १२ नंबर नंतर आला, पण तो ताजा असताना आला आणि सलग अर्धा तास खेळला. तुमच्या सोडून गेलेल्या खेळाडूची तक्रार मिनिटांची होती असं तुम्हाला वाटतंय. मला वाटतं ती त्याहून जास्त ‘शेवटची’ या शब्दाची होती. ३-० ने मागे असताना, सगळे दमलेले आणि चिडलेले असताना दहा मिनिटांसाठी आत जाणाऱ्याला बॉलला दोनदा पाय लागतो आणि वर ओरडा खावा लागतो. पंधराव्या मिनिटाला बरोबरीत असलेल्या सामन्यात आत जाणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. सब लवकर करा, एवढा एकच बदल केलात तरी बेंचवरचं वातावरण बदलेल.

चारही गट एकाच वेळी बदलू नका. एकदम चार नवे चेहरे आत गेले की पाच मिनिटं कोणाला कोणाचा पत्ता नसतो. दोन्ही बाजूंचे बदल १५ आणि ४५व्या मिनिटाला, सेंटर आणि फॉरवर्डचे २० आणि ५०व्या मिनिटाला, असा पाच मिनिटांचा फरक ठेवा. हाफ टाइमला मात्र सगळे बदल एकत्र चालतात, कारण तेव्हा उभं राहून बोलायला वेळ असतो.

१४ जण आले तर फॉरवर्डचा गट दोघांचाच राहू द्या. १३ आले तर गट मोठे करा: दोन्ही बाजू मिळून चार जागा आणि पाच जण, सेंटर आणि फॉरवर्ड मिळून चार जागा आणि पाच जण. मग मॅचचे १२-१२ मिनिटांचे पाच तुकडे पाडायचे, प्रत्येकाने एकदाच १२ मिनिटं बसायचं, म्हणजे सगळे ४८ मिनिटं खेळतात. बरोबर ११ आले तर सब नाहीतच, पण विश्रांती देता येते: हाफ टाइमला विंगर आणि त्याच्या मागचा बॅक यांची अदलाबदल करा. विंगला वर-खाली धावून दमलेला माणूस मागे जरा कमी धावतो. आणि पावसामुळे ९ जणच आले, तर आधी एक फॉरवर्ड कमी करा, मग एक विंगर कमी करून दुसरा आत ओढा आणि ४-३-१ खेळा. मागची फळी सगळ्यात शेवटी मोडायची. ७ पेक्षा कमी खेळाडू असतील तर नियमानुसार सामना सुरूच होऊ शकत नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता तुमच्या दुसऱ्या हाफकडे येतो. तुम्ही लिहिलंय की ‘आमचे स्टॉपर दुसऱ्या हाफला चुका करतात’. कृपा करून त्यांना लगेच बदलू नका. पुढच्या मॅचला गोल खाल्लात की तो बॉल कुठून सुरू झाला ते मागे जाऊन आठवा. बहुतेक वेळा असं होतं: ४०व्या मिनिटाला आपला विंगर बॉल गमावतो आणि परत येत नाही, कारण पायात जीव नसतो. साइड बॅकसमोर एकदम दोघं येतात. त्याच्या मदतीला स्टॉपर बाजूला सरकतो. सेंटरवाला ती मोकळी जागा भरायला यायला हवा, तोही दमलेला. मधे भोक पडतं आणि क्रॉसवर (बाजूने गोलसमोर टाकलेल्या बॉलवर) मोकळा उभा असलेला माणूस गोल मारतो. सगळ्यांना दिसतो तो स्टॉपर, कारण शेवटी तोच बॉलजवळ असतो. दुखणं विंगला असतं. म्हणून मी विंगर आणि सेंटर सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बदलतो, आणि गोलकीपर व स्टॉपर शक्यतो हलवत नाही. दोन्ही स्टॉपर एकाच वेळी तर कधीच नाही.

कोण दमलाय हे ‘दमलास का?’ विचारून कळत नाही. सगळे ‘नाही’ म्हणतात. बॉल गेल्यानंतर वळायला किती वेळ लागतो ते बघा. पहिल्या दहा मिनिटांत जो लगेच वळत होता तो आता दोन पावलं चालतो आणि मग वळतो, तेव्हा समजायचं. खेळ थांबला की हात गुडघ्यांवर जाणं, टॅकलला उशिरा पोचून फाउल होणं, आणि एरवी शांत असलेला माणूस रेफरीशी वाद घालायला लागणं, हीसुद्धा दमल्याचीच लक्षणं आहेत.

प्रत्यक्ष बदल करतानाच्या काही गोष्टी आहेत, त्या लहान वाटतात पण गोल वाचवतात. सबला किमान पाच मिनिटं आधी सांगा. शिन गार्ड घातलेले, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, दोन-चार वेगवान धावा काढून झालेल्या. बालेवाडीला २०१४ ते २०१९ मध्ये एफसी पुणे सिटीच्या मॅच बघायला जाणाऱ्यांनी बघितलं असेल, बदली खेळाडू बोलावण्याच्या कितीतरी आधीपासून रेषेबाहेर पळत असतात. आपल्याकडे सब मोबाइल खिशात ठेवून थेट आत जातो आणि पहिल्याच धावेत मांडी धरून बसतो.

आत जाताना त्याला तीनच गोष्टी सांगा: कुठे खेळायचं, समोरचा कुठला माणूस त्याचा, आणि आपल्यावर कॉर्नर आला तर त्याने कुठे उभं राहायचं. उदाहरणार्थ, ‘राइट विंग, त्यांचा ३ नंबर तुझा, कॉर्नरला नियर पोस्ट (कॉर्नरकडचा खांब).’ बस. ही तिसरी गोष्ट जवळपास सगळे विसरतात. बाहेर गेलेला माणूस कॉर्नरला कोणालातरी मार्क करत होता. तो गेला की ते काम कोणाचं, हे कोणालाच माहीत नसतं. म्हणूनच समोरच्या टीमला कॉर्नर किंवा आपल्या गोलजवळ फ्री किक मिळालेली असताना सब करू नका. बॉल बाहेर जाऊ द्या, थ्रो-इन किंवा गोल किकला करा. दुखापत असेल तर अर्थात थांबायचं नाही.

नियम म्हणून एवढं पाळा: खेळ थांबलेला असताना, रेफरीने खूण केल्यावर, आपला माणूस बाहेर पडल्यानंतर, नव्या खेळाडूने मधल्या रेषेवरून आत यायचं. बाहेर जाणाऱ्याने २०१९पासून जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचं असतं. पलीकडच्या विंगरने पूर्ण मैदान ओलांडून चालत यायची गरज नाही. तुम्ही मागे असाल तर हे त्याला आधीच सांगून ठेवा, अर्धा मिनिट वाचतो. टर्फवरच्या ५ किंवा ७ जणांच्या मॅचमध्ये बहुतेक ठिकाणी खेळ चालू असतानाच बदल चालतो, ती सवय मोठ्या मैदानावर नेऊ नका. माणसं मोजून आत-बाहेर झाली नाहीत तर रेफरी कार्ड काढतो.

गोलकीपर पक्का नसेल तर दोघांनी एक-एक हाफ वाटून घ्यावा, मधे बदलू नये. मैदानातल्याच खेळाडूशी अदलाबदल करायची असली तरी ती खेळ थांबलेला असताना आणि रेफरीला आधी सांगूनच करायची असते. दुसरी वेगळ्या रंगाची जर्सी किट बॅगेत टाकून ठेवा.

जिथे बाहेर गेलेला परत येऊ शकत नाही अशा स्पर्धेत काय करायचं? मोठ्या सामन्यांत आता ५ सब आणि ते करायला ३ संधी असतात, हाफ टाइम त्यात धरत नाहीत. कोविडमुळे २०२०मध्ये तात्पुरता आलेला हा नियम २०२२मध्ये कायम झाला. स्थानिक स्पर्धांत आकडा वेगळा असू शकतो, म्हणून आधी नियमांचं पत्रक वाचा. तिथे मी हाफ टाइमला एक-दोन बदल करतो, मग साधारण दोन-तृतीयांश वेळ झाल्यावर दोन, आणि एक सब शेवटच्या काही मिनिटांपर्यंत हातात ठेवतो. कोणाच्या पोटरीत गोळा येईल, कोणाचा घोटा मुरगळेल, सांगता येत नाही. सब संपलेले असतील तर दहा जणांनी खेळावं लागतं. २०१४च्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टा रिकाविरुद्धच्या क्वार्टर फायनलला नेदरलँड्सचे कोच लुई व्हॅन खाल यांनी तीनपैकी शेवटचा सब एक्स्ट्रा टाइमच्या अगदी अखेरपर्यंत राखला आणि फक्त पेनल्टींसाठी टिम क्रुल या गोलकीपरला आत आणलं. त्याने दोन पेनल्टी अडवल्या. क्रुलला हे मॅचआधीच सांगितलेलं होतं, म्हणून तो तयार होता. बाहेर आलेल्या पहिल्या गोलकीपरला मात्र सांगितलेलं नव्हतं आणि तो चिडलेला दिसला. व्यावसायिक टीममध्ये ते खपतं. सोमवारी ज्याच्या शेजारी बसून काम करायचं त्याच्या बाबतीत आपण दोघांनाही आधी सांगावं.

ठरवलेलं कधी मोडायचं, हेही ठरलेलं असू द्या. डोक्याला मार लागला तर तो खेळाडू बाहेर, आणि तो ‘मी बरा आहे’ म्हणाला तरी त्या दिवशी परत आत नाही. यावर चर्चाच नको. साइड बॅकला पिवळं कार्ड मिळालंय आणि समोर वेगवान विंगर आहे, तर त्याची पाळी यायची वाट बघू नका. शेवटच्या १५ मिनिटांत एका गोलने मागे असाल तर फॉरवर्डच्या गटातला तिसरा माणूस सेंटरच्या जागी आणता येतो, पण दोन्ही सेंटर काढू नका. एक जण तिथे राहिला नाही तर बॉल पुढे जाणारच नाही.

हवामानाचंही बघा. पुण्यात एप्रिल-मेमध्ये सकाळी सातची मॅच आणि अकराची मॅच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकराच्या मॅचला १५ऐवजी १० मिनिटांचे तुकडे पाडा आणि रेफरीला आधीच पाण्याच्या ब्रेकबद्दल विचारा. स्पर्धेने मान्य केलं असेल तर नियमांत एक मिनिटाचा पाण्याचा ब्रेक आणि दीड ते तीन मिनिटांचा गारव्याचा ब्रेक आहे. मोठ्यांदा बोलून सूचना द्यायला तोच उत्तम वेळ. पावसाळ्यात चिखलात पाय लवकर जड होतात, पण तिथे बदल वेगळ्या लोकांचे करावे लागतात. पाणी साचलेल्या मैदानावर छोटा पास मधेच थांबतो, त्यामुळे नाजूक खेळणारा सेंटर बसवून लांब किक मारणारा आणि हेड करणारा आत आणावा. स्टॉपरने गोलकीपरला बॅक पास द्यायचा नाही, हे तर मॅचआधी ओरडून सांगावं. आणि उन्हाळ्यात मुरमाच्या कडक मैदानावर बॉलची उसळी वेडीवाकडी येते, तिथे धीर धरून उसळीचा अंदाज घेणारा स्टॉपर वेगवान स्टॉपरपेक्षा जास्त कामाचा.

राहिला तुमच्या स्वतःचा प्रश्न. तुम्ही सेंटरला खेळता, म्हणजे टीममध्ये सगळ्यात जास्त धावण्याच्या जागेवर. तिथून घड्याळ बघणं, कोण दमलाय हे ओळखणं आणि स्वतःला बाहेर काढणं, हे कोणालाच जमणार नाही. त्यामुळे कागद तुम्ही करा, पण तो अमलात दुसऱ्याने आणावा. दुखापतीमुळे न खेळणारा एखादा, वयाने मोठा झालेला जुना खेळाडू, किंवा बघायला येणारं घरचं कोणी. फुटबॉल फारसं कळत नसलं तरी चालेल. त्याच्या हातात प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घातलेला एक कागद आणि घड्याळ. कागदावर फक्त मिनिट, बाहेर कोण, आत कोण, आणि कोणाची जागा सरकणार, एवढं. मिनिट झालं की त्याने नाव पुकारायचं, आणि ज्याचं नाव आलं त्याने वाद न घालता बाहेर यायचं. तुमचं स्वतःचं नावही त्याच कागदावर, तुमच्या गटातल्या इतर दोघांसारखंच. कॅप्टन पहिल्यांदा निमूटपणे ठरलेल्या मिनिटाला बाहेर आला की बाकीच्यांची कुरकुर आपोआप कमी होते, हे मी वेगवेगळ्या टीममध्ये बघितलंय.

कागद शनिवारी रात्रीच ग्रुपवर टाका. १५ जणांसाठी केलाय आणि १३ आले तर काय, हेही त्याच्याखाली लिहा. हिंजवडीच्या बाजूने येणारा नेहमी उशिरा पोचतो असं तुम्ही म्हणालात. त्याचं नाव कायम दुसऱ्या तुकड्यात ठेवा आणि त्याला तसं सांगा. शिक्षा म्हणून नव्हे, तर पहिल्या मिनिटाला बॅकला जागा रिकामी राहू नये म्हणून. प्रॅक्टिसला येणाऱ्याने सुरुवात करावी, हा नियम ठेवायचा असेल तर सीझनच्या आधी ठेवा. मॅचच्या सकाळी केलेला नियम कोणीच मानत नाही.

हे सगळं येत्या रविवारी एकदम करू नका. पहिल्या मॅचला फक्त उजवी आणि डावी बाजू, या दोनच गटांत तिघातिघांची पाळी लावा. बाकीचे सब तुम्ही नेहमी करता तसे, फक्त पाच मिनिटं आधी सांगून. मॅच झाल्यावर एकच गोष्ट तपासा: दुसऱ्या हाफला तुमचे साइड बॅक किती वेळा एकटे दोघांसमोर सापडले. ते कमी झालं असेल तर पुढच्या आठवड्यात सेंटरचा गट जोडा. आणि सोडून गेलेल्या त्या खेळाडूला हा कागद पाठवून बघा, त्याचं नाव दुसऱ्या तुकड्यात, १५व्या मिनिटाला लिहून.